तुम्ही बसा, बाबा

नाव पुतळी. आईबापांनी काय विचार करून ठेवलं असेल ते असो, पण पुतळी म्हटलं की डोळ्यांपुढे जी गप्प, जागची न हलणारी मूर्ती येते तिचा आणि या बाईचा काडीचाही संबंध नाही. पेणच्या कडेला, गणपतीच्या कारखान्यांच्या ओळीमागे तिचं घर आहे. नवख्या माणसाने तिचा पत्ता विचारला तर लोक हाताने दाखवत नाहीत, "जरा थांबा, बोलेलच आता," म्हणतात. आणि ती बोलतेच. शेजारच्या कारखान्यात मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे रंगवायचं नाजूक काम सुरू झालं की कारागीर बाबाजी मधल्या भिंतीवर दोन थापा मारतो. त्याचा अर्थ, वहिनी, थोडा वेळ गप्प राहा, हात हलतो. पुतळी कशीबशी गप्प राहते आणि मग साठलेलं सगळं एकदम बोलून टाकते. बाबाजीचं म्हणणं असं की एका वर्षी तिच्यामुळे एका गणपतीची भुवई जरा वर गेली, आणि तो गणपती विसर्जनापर्यंत प्रत्येक भक्ताकडे "काय म्हणालात?" असं विचारल्यासारखा बघत होता.

हा आवाज तिने हौसेने कमावलेला नाही. तिचा जन्म खारेपाटातला, मिठागराच्या कडेचा. तिथे बांधाच्या एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला माणूस, मध्ये मिठाचे वाफे आणि तोंडावर खाडीचा वारा. "जेवाला चल" एवढंच सांगायचं असलं तरी पोटातून बोलावं लागतं. लहानपणी तिचा बाप तिला बांधावर उभी करून हाळी घालायला लावायचा. ती हाळी ऐकून पलीकडच्या गावची माणसंसुद्धा भाकरी सोडून बसायची, असं सांगतात. खरं-खोटं खाडीला माहीत.

तिचा सासरा जनू त्याच बाजूच्या मिठागरावर कामाला होता. थोरल्या शिवासाठी सून बघायला गेला तेव्हा त्याने मुलगी पाहिली नाही, ऐकली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "पोरगी चांगली हाय. म्हातारपनी आपल्याला आयकू येल." बायको ते म्हातारपण बघायला राहिली नाही. जनू, म्हणजे आबा, राहिले, आणि त्यांचं भाकीत अगदी वाजवीपेक्षा जास्त खरं ठरलं. कान हळूहळू गेले. आधी कोंबड्याचं आरवणं गेलं, मग एसटीचा हॉर्न, मग थोरल्या मुलाचं बोलणं. तो तसाही फारसा बोलत नसे. शेवटी एकच आवाज उरला.

आपण त्यांना आबा म्हणतो आहोत आणि अहोजाहो करतो आहोत, कारण हे लिहिलेलं आहे आणि लिहिताना माणूस जरा सभ्य होतो. पुतळी असलं काही करत नाही. खारेपाटाच्या बोलीत 'ळ' पिकत नाही आणि 'तुम्ही' उगवत नाही. तिथे देवाला तू, बापाला तू, सासऱ्यालाही तूच. "आबा, गोली खाल्लीस काय रं? थुकलीस तर बग," असं ती ओसरीवरून विचारायची आणि ते नाक्यावरच्या पानवाल्यालाही कळायचं. कितीतरी वेळा आबांनी गोळी खाल्ली की नाही हे पानवाल्याने शिवाला सांगितलं आहे.

शिवा डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला. शिफ्ट करून आला की दिवसा झोपतो, आणि पुतळीच्या आवाजात इतका गाढ झोपतो की ती गप्प झाली तरच जागा होतो. तेव्हा आबांचं करायचं ते सगळं पुतळीनेच. अंघोळ, जेवण, औषध, खाडीकडे निघाले की परत आणणं. हल्ली आबा विसरूही लागले होते. जेवून हात धुतला की थोड्या वेळाने विचारायचे, "आज जेवन नाय काय?" आणि कान गेलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही, त्यामुळे हे विचारणंही नाक्यापर्यंत जायचं. दोघं बोलायला बसली की लांबून भांडण वाटायचं. जवळून पाहिलं तर म्हातारा हसत असायचा.

पण जवळून पाहणार कोण? समोर नवी बिल्डिंग झाली आणि तिच्या पहिल्या मजल्यावर ठाण्याहून एक निवृत्त मॅडम राहायला आल्या. बाई वाईट नव्हत्या. झाडांना पाणी घालायच्या, मांजरांना दूध द्यायच्या, आणि जगात कुणावर अन्याय होत असेल तर तो आपल्या खिडकीतून दिसला पाहिजे अशा तयारीने खिडकीत बसायच्या. त्यांना दिसायचं काय, तर एक बाई एका म्हाताऱ्यावर दिवसभर ओरडते आहे, तेही अरेतुरे करून. आणि म्हातारा तर आकाशाकडे बघून सांगतो आहे की मला जेवण दिलेलं नाही.

एके दिवशी मात्र पुतळीचं खरंच डोकं फिरलं होतं. आदल्या रात्री आबांनी तिला झोपू दिलं नव्हतं, भरती आली, खाडीचं पाणी आत शिरेल, बांधातली उघाडी बंद करा, असं म्हणत ते पुन्हा पुन्हा दाराशी जात होते. सकाळी तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. आबा जेवले, हात धुतला, काठी घेऊन अंगणात गेले आणि समोरच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "कालपासनं मना जेवन नाय दिला." पुतळी खरकटी ताटली हातात घेऊन मागे उभी होती. ती ताटली तिने आपटली आणि म्हणाली, "मर एकदाचा, म्हंजे मी सुटेन." हातवारे करायची तिला सवय आहे, म्हणून हातही वर गेला. मॅडमच्या फोनमध्ये नेमका तोच हात आला. हात खोटा होता, पण शब्द खरा होता. त्या घडीला तिला तसंच वाटलं होतं आणि घडी गेल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. दुपारी तिने आबांना दोनदा चहा दिला.

लाज चहात विरघळेपर्यंत ते चित्रण पेणच्या कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून फिरून संध्याकाळी वरसेला पोचलं. रोह्याला लागून असलेल्या वरसेत तिचा धाकटा दीर निलेश राहतो. निलेश शिकला, रोह्यात नोकरीला लागला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. शिकता शिकता त्याच्या तोंडात 'ळ' आला, 'ण' आला, आणि लग्नानंतर 'तुम्ही' आलं. पहिल्यांदा तो "बाबा, तुम्ही" असं म्हणाला तेव्हा आबांनी मागे वळून पाहिलं होतं, आणखी कोण उभं आहे म्हणून. त्यानेच मागे एकदा कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते कानात शिट्टी वाजवायचं. आबांनी ते काढून चंचीत सुपारीबरोबर ठेवलं आणि तेव्हापासून ते सुरक्षित आहे.

निलेशची बायको मनस्वी पतपेढीत नोकरीला. तिचा आवाज निरांजनाच्या वातीसारखा मंद. ती कधी कुणावर चढून बोलली असं तिच्या माहेरचा, सासरचा, पतपेढीतला एकही माणूस सांगू शकणार नाही. दोघं रविवारी गाडी घेऊन पेणला आली. निलेश ओसरीवर उभा राहून म्हणाला, "वहिनी, आम्ही तुम्हाला काही बोलत नाही." एवढं बोलून झाल्यावर बोलायचं काय उरतं? शिवा म्हणाला, "अरे, तसा नाय ते." पण पुढे कसं आहे ते त्याला सांगता येईना. मनस्वीने आबांचे चार कपडे पिशवीत भरले.

पुतळी चुलीपाशी उभी होती. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण समोरची खिडकी उघडी होती, आणि तोंड उघडलं की जे बाहेर येणार तो आवाजच होता. ज्याच्यावरून आरोप झाला त्याच आवाजात सफाई कशी द्यायची? तिने तोंड उघडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या घरात ती भिंतीवर थाप न पडता गप्प राहिली.

यात एक गोष्ट राहून गेली. आबांना कुणी काही सांगितलंच नाही. निलेशने सांगितलं, पण हळू. मनस्वीने सांगितलं, तेही हसून आणि हळू. आबांना दिसलं ते इतकंच की धाकटा मुलगा गाडी घेऊन आलाय, सून ठेवणीतली साडी नेसलीय आणि पिशवी भरली जातेय. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि खुंटीवरची नवी पांढरी टोपी घातली. "लगीन कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं. मनस्वीने आदराने मान हलवली. आबा समाधानाने गाडीत बसले आणि पुतळीला म्हणाले, "दोन दिसात येतंय गो. भात जास्ती नको टाकू." पुतळीने मान हलवली. तिला वाटलं, ओरडून सांगावं, लग्न नाही, तुला माझ्यापासून नेतायत. तिने सांगितलं नाही, आणि ते न सांगणं पुढे तिला फार दिवस टोचत राहिलं.

त्यानंतर पुतळी खरंच पुतळी झाली. मॅडमना वाटलं, आपल्यामुळे सुधारणा झाली. बाबाजीचा हात पाहिजे तेवढा स्थिर राहू लागला, पण कामात लक्ष लागेना, आणि एके दिवशी तो स्वतःच भिंतीवर दोन थापा मारून विचारता झाला, "वहिनी, बरं हाय ना?" शिवाची झोप उडाली. ती सवयीने रोज भात जास्त टाकायची आणि संध्याकाळी कोंबड्यांना घालायची.

फोन केला की निलेश म्हणायचा, "बाबा मजेत आहेत. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, नाहीतर दिला असता." हे खरंच होतं. तो फोटो पाठवायचा. आबा सोफ्यावर, इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. शिवा म्हणायचा, बघ, आपल्याकडे होती काय अशी इस्त्री? पुतळी फोटो बोटांनी मोठा करून बघायची. सोफ्याचा कोपरा दर वेळी तोच. काठी कुठेच नाही. ऊन तापायला लागलं होतं आणि म्हाताऱ्याच्या ओठांवर पांढरी साल दिसत होती. आणि डोक्यावर टोपी होती. घरात बसलेला माणूस टोपी कशाला घालेल, हे तिला काही केल्या कळेना.

एके सकाळी तिने शिवाला न विचारता भाकऱ्या बांधल्या, सुकट भाजून घेतली आणि रोह्याची एसटी पकडली. पाहुण्यांकडे जायचं तर सुट्टीच्या दिवशी जावं हे तिच्या लक्षात आलं नाही, कारण तिच्या घरी बाई कधी सुट्टीवर नसते. वरसेला बिल्डिंगच्या फाटकाशी पोचली तर वॉचमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर कोणी नाही. साहेब-मॅडम कामाला गेले."

"म्हातारा हाय ना," पुतळी म्हणाली.

"कोण म्हातारा? ते आले होते, गेले असतील. आवाज नाही काही नाही. घरात कोणी नसताना वर सोडत नाही आम्ही."

तिथे एक पाटीही होती, शांतता राखा. पुतळीला वाचता येतं. ती पाटी वाचून ती परत फिरली, रस्त्यापर्यंत गेली. हातात भाकऱ्यांचं गाठोडं होतं. परतीची गाडी तासाभरात होती. तिला मॅडमची खिडकी आठवली, तो वर गेलेला हात आठवला, आणि आपण इथेही ओरडलो तर उद्या काय काय फिरेल तेही आठवलं. मग तिला ते ओठ आठवले. मागे येऊन तिने गाठोडं वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीत ठेवलं, पदर खोचला आणि वर बघून हाक मारली.

पहिली हाक नीट निघाली नाही. इतक्या दिवसांत वापर नव्हता, गळ्याला गंज चढला होता. दुसरी मात्र पोटातून निघाली.

"आबा, हायस काय रं?"

कबुतरं उडाली. पार्किंगमधल्या एका गाडीने आपोआप किंचाळायला सुरुवात केली. वॉचमन धावत पुढे आला आणि मग काय करायचं ते न सुचून मागे जाऊन खुर्चीत बसला, नेमका भाकऱ्यांवर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीचा पडदा हलला आणि गजांमागे पांढरी टोपी दिसली. आबा दोन्ही हातांनी गज धरून खाली बघत होते.

"कोन? पुतली?"

"व्हय, मीच."

आबा पुढे सरकले. गजाला कपाळ लावून नुसते उभे राहिले. पुतळीला वाटलं, ओळखलं नाही की काय. मग वरून आवाज आला, आणि तो चिरकला होता.

"पुतले, मना आयकू येतंय गो."

"मंग? येनारच. काय झालाय आयकू न यायला?"

"मना वाटला कान गेलं माजं. पुरतं गेलं. हितं कुनाचा शब्द येत नाय. सगली नुसती तोंडं हलवतान."

इतके दिवस म्हातारा असं समजून बसला होता की आपण आता पार बहिरे झालो. सुनेची तक्रार केली नव्हती, मुलाची केली नव्हती. कान गेले त्याला कोण काय करणार, असं म्हणून कोपऱ्यात बसून राहिला होता. पुतळीचे डोळे भरून आले, पण डोळे भरले तरी तिचा आवाज भरून येत नाही, त्याची घडणच तशी नाही. तिने बांधावरून विचारावं तसं एकेक विचारायला घेतलं, आणि आबांनी तितक्याच मोठ्याने उत्तरं द्यायला घेतली.

"जेवलास काय?"

"दहीभात हाय झाकलेला. ग्वाड लागतो."

"काठी कुठं हाय?"

"कपाटावर ठेवलीय. हिंडलो तर पडंन म्हनून."

"पानी पितंस ना?"

"सकाली एक गिलास, सांजला अर्धा. जास्ती प्यालो तर रातचा उठाला लागतं, लादी वली होते."

एव्हाना सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या होत्या. या बिल्डिंगमध्ये दुपारी चमचा पडला तरी माणसं 'सॉरी' म्हणत, आणि आज एका घरातलं पाणी किती, भात कसला, सगळं चौकात मोजून मांडलं जात होतं. आबांना त्याची गंधवार्ता नव्हती.

"दार उघड, मी वर येतंय."

"नाय उघडत. भायेरशी कडी हाय." मग आबांनी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. "लगीन कवा हाय गो? मी रोज टोपी घालून बसतंय."

दुसऱ्या मजल्यावर हफ्सा नावाची बाई राहते, तिचा नवरा कुवेतला असतो. ती तशीच ओढणी सावरत जिन्याने वर गेली आणि तिने कडी काढली. साधी कडी होती, कुलूप नव्हतं. कुणालाही केव्हाही काढता आली असती. पुतळी वर पोचली तेव्हा हफ्सा आबांच्या हातात तांब्या देत होती. "आम्हाला काय माहीत, चाची," ती पुतळीला म्हणाली. "या घरातून कधी आवाजच आला नाय. आम्ही म्हणायचो, किती चांगली माणसं."

आबा तांब्याने पाणी प्यायले. घटाघट, थांबून, पुन्हा घटाघट. सदऱ्यावर सांडलं तेव्हा त्यांनी चटकन जमिनीकडे पाहिलं, लादी ओली झाली का ते. त्या नजरेने पुतळीच्या काळजाला जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. तिने स्वतःच्या पदराने लादी पुसली आणि म्हणाली, "सांडू दे. अजून पी."

कुणीतरी मनस्वीला फोन केला असणार. ती धापा टाकत आली. दारात चपला नीट ओळीत काढल्या, आणि तशा परिस्थितीतही आवाज न चढवता म्हणाली, "वहिनी, तुम्ही कळवून यायचं होतं." मग आबांकडे वळून म्हणाली, "तुम्ही बसा, बाबा." आबा लगेच सोफ्याच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसले. या घरात ओठांच्या हालचालीवरून त्यांना तेवढं एकच वाक्य ओळखता येऊ लागलं होतं.

पुतळी ओरडेल म्हणून जिन्यात माणसं थांबली होती. तिने त्यांची निराशा केली. तिने अगदी हळू विचारलं, "पानी का तोडलास गो त्येचा?"

मनस्वी म्हणाली, ते रात्री उठतात, पडले तर कोण बघणार. काठी घेऊन जिन्यापर्यंत गेले होते एकदा, म्हणून काठी वर ठेवली. दोघं कामाला जातात, गॅस चालू करून बसले तर, म्हणून कडी. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण ऐकायला बरोबर होतं. ती एकामागून एक कारणं सांगत गेली आणि सांगता सांगता तिचं तिलाच काहीतरी ऐकू यायला लागलं असावं, कारण मध्येच ती थांबली आणि रडायला लागली. रडतानाही आवाज नव्हता. "मी एकदाही त्यांना अरेतुरे केलं नाही, वहिनी. एकदाही ओरडले नाही."

"व्हय," पुतळी म्हणाली. "त्येच झाला ना." आणि ती स्टूल घेऊन कपाटावरची काठी काढायला लागली.

तिला मनस्वीचा राग आला नव्हता असं नाही, चांगलाच आला होता. पण आपणही एकदा म्हाताऱ्याला मर म्हणालो आहोत हे तिला आठवत होतं. एकटीने म्हातारा सांभाळायचा म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, आणि या पोरीला तर ओरडून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. तिने सुकटीचा पुडा तिच्या ओट्यावर ठेवला. भाकऱ्या वॉचमनने चपट्या करून ठेवल्या होत्या, त्या तिने आबांसाठी घेतल्या.

उन्हं उतरायला लागली तेव्हा निलेश दोघांना गाडीत घालून पेणला निघाला. त्याने वाद घातला नाही. बिल्डिंगमधून बाहेर पडताना माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो आरशात बघत होता. आबा पुढच्या सीटवर, गुडघ्यांत काठी, डोक्यावर टोपी. पुतळी मागे. नागोठणं गेलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. मग मुलाकडे वळून म्हणाले, "लगीन लागला काय? आपन जेवलो नाय."

पुतळीने उत्तर द्यायला श्वास घेतला होता. तिने तो तसाच धरून ठेवला.

निलेश रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाबा, लग्न नव्हतं. तुम्हाला..."

आबा त्याच्या ओठांकडे बघत राहिले, मग कंटाळून पुन्हा बाहेर बघू लागले. निलेशने आणखी एकदा सांगून पाहिलं, जरा मोठ्याने. आबांनी आदराने मान हलवली, जशी मनस्वी हलवायची. मुलाने ते पाहिलं. वडखळच्या अलीकडे जिथे रस्त्याकडेला मिठागरं दिसायला लागतात तिथे त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि काचा खाली केल्या. मग बापाकडे वळला आणि लहानपणी बांधावरून हाळी घालायचा तसा आवाज काढला. तो निघेल की नाही याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

"आबा, लगीन नव्हता रं. मी तुला उगाच नेला."

आबा दचकले. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं, इतक्या वर्षांनी कुणी ओळखीचं भेटावं तसं. "मंग आदी सांगाचास ना," ते म्हणाले. "एवरी नवी टोपी मलवली." टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

निलेशचा चेहरा रडवेला झाला होता. त्याने बाटली उघडून बापापुढे धरली. "पानी पी. पायजे तेवरा पी."

आबांनी बाटली संपवली. तोंड पुसलं. समोर वाफ्यांत मीठ ओढून ठेवलेलं होतं, पलीकडच्या बांधावर अजून कुणीतरी कामात होतं. आबा थोडा वेळ तिकडे बघत राहिले, मग मागे मान वळवून जरा अपराधी आवाजात पुतळीला म्हणाले, "रातचा उठाला लागंल गो."

"ऊठ," पुतळी म्हणाली. "मी हाय."

हे ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. काचा खाली होत्या. पलीकडच्या बांधावरच्या माणसाला वाटलं आपल्यालाच कुणीतरी म्हणतंय, आणि त्याने हात वर केला.